शिवेबाहेरची हलगी

"तुमचं घर यात कुठं येतं, ते दाखवा," साहेब म्हणाले.

मी टेबलावर बोट ठेवलं. नकाशावर नव्हे, टेबलावर. नकाशाचा कागद जिथं संपत होता त्याच्या पलीकडं कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता, तिथं.

"इथं," मी म्हणाले.

मागं खुर्च्यांवर बसलेले काही जण हसले. साहेब हसले नाहीत. मुख्याधिकारी ठोंबरे वऱ्हाडाकडून बदलून आलेले, गावात नवे. माणूस वाईट नव्हता. पण जे कागदावर नाही ते डोळ्यांसमोर उभं असलं तरी त्यांना दिसत नसे.

"ताई, ही नगरपंचायतीच्या प्रभागांची सुनावणी आहे. हरकत नकाशावर घ्यायची असते, टेबलावर नाही."

"नकाशात जागाच ठेवली न्हाई, तर बोट कुठं ठेवू?"

मी तेव्हा बारावी होऊन घरी मशीनवर ब्लाउज शिवत होते आणि रागानं नुसती धुमसत होते. आजही तो दिवस आठवला की कानशिलं तापतात. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यांचा निवत असेल त्यांचा निवो.

आमचं मळेगट्टी ऐन सीमेवरचं गाव. गावाच्या पूर्वेला ओढा, ओढ्यापलीकडं आमची मातंग वस्ती, आणि वस्तीच्या मागं एक चुना फासलेला दगड. दगडाच्या पलीकडं कर्नाटक. राज्यांच्या सीमा आखताना कुणा शहाण्यानं काय करून ठेवलं देव जाणे, पण इकडचा नकाशा ओढ्यापाशी संपायचा आणि तिकडचा दगडापाशी सुरू व्हायचा. मधल्या पट्टीत आम्ही. ग्रामपंचायत होती तोवर ते तसंच खपून गेलं. मतं हवी असली की ओढा कोरडा पडायचा, नळ मागितला की त्याला पूर यायचा. मग गावाची नगरपंचायत झाली, प्रभाग पाडायचे ठरले, आणि हे गाव नेमकं कुठं संपतं ते लिहून काढायला पहिल्यांदाच कुणीतरी बसलं.

"हद्द काही मी माझ्या मनानं आखली नाही," साहेब म्हणाले. "जुने नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून गावातल्या जाणत्या माणसांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मळव्वा देवीची पालखी दर चैत्रात गावाभोवती फिरते. ती जिथून जाते ती गावाची शिव."

पहिल्या रांगेत बाळगोंडा पाटील बसले होते. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष, ग्रामपंचायतीचे शेवटचे सरपंच. साहेबांची ती सगळी जाणती माणसं म्हणजे पाटील आणि पाटलांच्या पुढं मान हलवणारे चौघे. त्यांनी आताही मान डोलावली.

"पालखी ओढ्याच्या अलीकडं बाभळीपर्यंत येते," मी म्हणाले, "आणि तिथनं वळून उसाच्या बांधानं गावाकडं जाते. का वळते, ते विचारलं का तुमी? आमच्या दारावरनं न्यायची नसते म्हनून. ती शिव न्हवं साहेब, तो विटाळ हाय. तुमी विटाळावर रेघ मारलीय."

 पाटील हसले. त्यांचा आवाज नेहमी लोणी लावल्यासारखा.

"कस्तुरी, पोरी, देवाच्या गोष्टीत असलं कशाला आनतीस? पालखीफुडं हलगी कुनाची असती? तुज्या बाचीच न्हवं? यल्लाप्पाच्या हलगीबिगर देवीचं पाऊल उचलत न्हाई. एवढा मान गावात दुसऱ्या कुनाला हाय?"

"मान आमचा आन नळ तुमचा," मी म्हणाले.

साहेबांनी हात वर केला. "मला मान-अपमान सांगू नका, खुणा सांगा. येत्या मंगळवारी पालखी आहे. कमिटीनं मला बोलावलंय. मी स्वतः तिच्याबरोबर चालणार आणि हद्द डोळ्यांनी बघणार. पालखी जिथून जाईल ती रेघ वर पाठवणार. त्यानंतर माझ्याकडं येऊन काही उपयोग नाही."

"म्हंजे पालखी आमच्या मागनं गेली तर?"

लोक पुन्हा हसले.

"गेली तर तुम्ही आत," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या रेघेचं मला एवढं का लागलं होतं, ते सांगायला हवं. नळासाठी मी भांडले असतेच. पण इतकी नाही.

होळीनंतरच्या आठवड्यात भर दुपारी वस्तीच्या टोकाचं, दगडाजवळचं घर पेटलं. ते गंगव्वा आत्तीचं. आत्ती म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आजी गेल्यावर आप्पांना तिनं वाढवलं, आणि माझी आई गेल्यावर मला. तिचा नवरा हलगीत आप्पांचा जोडीदार होता. बाईच्या जातीनं हलगीला हात लावायचा नाही अशी आमच्यातही रीत, गावाला नावं ठेवताना हेही सांगितलं पाहिजे. पण नवरा वारल्यावर आत्तीनं त्याची हलगी एक दिवस माझ्या खांद्याला अडकवली, दार लोटलं आणि म्हणाली, "वाजीव. घरात कोन बघतंय?" मी तिच्या घरात वाजवायला शिकले. ती भिंतीला टेकून, अधू पाय पसरून ऐकायची आणि हात चुकला की जिभेनं 'च्यक' करायची.

त्या दुपारी वारं सुटलं होतं. चुलीतली ठिणगी कुडाला लागली. आत्ती आत निजलेली. सगळी वस्ती धावली, पण ओढ्यात घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं. डबक्यातनं तांब्या-तांब्यानं घागरी भरत होतो. तेवढ्यात गावातनं नगरपंचायतीचा बंब आला. आला म्हणजे बाभळीपर्यंत आला. ओढ्यावरच्या फरशीच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, अलीकडं उभा राहिला, आणि ड्रायव्हर खाली उतरून फोन लावायला लागला.

आप्पा पळत गेले, मी त्यांच्या मागं.

"चला की! थांबलाय कशाला? बाई हाय आत!"

"मामा, हद्द संपली इथं," ड्रायव्हर म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "नव्या नकाशात फुडचं आपलं न्हाई. वरनं सांगितल्याबिगर गाडी फरशी उतरवली तर माजी नोकरी जाईल. फोन लावलाय. उचलंनात."

बंबाच्या पाइपाचा सांधा गळत होता. बाभळीखाली चिखल झाला होता, एवढं पाणी. समोर धूर दिसत होता, माणसं ओरडत होती, आणि तो कानाला फोन लावून उभा. आप्पांनी त्या गळक्या सांध्याखाली ओंजळ धरली होती. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं. शेवटी कुणीतरी फोन उचलला, बंब फरशी उतरून आला. तोवर छप्पर खाली बसलं होतं.

ड्रायव्हरची नोकरी राहिली. आत्ती राहिली नाही.

म्हणून मी त्या टेबलावर बोट ठेवायला गेले होते. आणि म्हणूनच सोमवारी संध्याकाळी आप्पांशी माझं जुंपलं.

आप्पा दारात बसून हलगीच्या कडीला तेल लावत होते. पालखीच्या आदल्या दिवसाचं त्यांचं हे ठरलेलं काम. आत्तीला जाऊन महिना होत आला होता, तिचं काळं पडलेलं घर दारातनं दिसत होतं, आणि हा माणूस तेल लावत होता.

"आप्पा, यंदा वाजवू नका," मी म्हणाले.

"हलगी न्हाई तर पालखी उठत न्हाई."

"म्हनूनच सांगते."

"पालखी उठली न्हाई तर गाव म्हनंल, वस्तीनं देवी कोंडली. मग नकाशाचं सोड, बाजारात पाय ठेवू द्यायचं न्हाईत. कामाला कोन बोलवायचं न्हाई. डोकं हाय का तुला?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मला त्या क्षणी बरोबर-चूक नको होतं. मी त्यांच्यासमोर बसले.

"मग वाजवा. फकस्त बाभळीपाशी वळू नका. सरळ फरशी उतरा, आपल्या वस्तीमागनं दगडाला वळसा घाला आन खालच्या अंगानं ओढा वलांडून गावात शिरा. खांदेकरी हलगीच्या मागं येत्यात. तुमी जाल तिकडं देवी येनार. साहेब बघनार. एवढं एक करा."

आमच्याकडं पालखीचे खांदेकरी डोक्यावरनं उपरणं कपाळाच्या खाली ओढून घेतात, गुलाल डोळ्यांत जाऊ नये म्हणून. पुढचं त्यांना दिसत नाही. नजर आपल्या पायांवर, कान हलगीवर. आणि एकदा उचललेली पालखी देवळात पोचेपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, माघारी फिरवायची नाही, आणि हलगीचा आवाज खंडला तर तिथं थांबायचं नाही. शिवेवर मुकी पालखी उभी राहिली तर गावावर अरिष्ट येतं, हे तर तान्ह्या पोरालाही ठाऊक.

आप्पांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"माज्या बापानं त्येच्या बापामागनं चालत ती वाट शिकली. मी माज्या बापामागनं शिकलो. बाभळ आली की माजं पाय आपसूक वळत्यात. मी वळवत न्हाई, ते वळत्यात. न्हाई व्हायचं माज्याच्यानं."

"आत्तीनं तुमास्नी पाठीवर घिऊन वाढवलं."

"गप."

"तिच्या घराकडं पाठ करून तुमी देवीफुडं वाजवत जानार. मानाचं मानकरी!"

त्यांनी हात उगारला. मारला नाही. आयुष्यात त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. हात तसाच खाली आला आणि ते पुन्हा तेल लावायला लागले, माझ्याकडं न बघता. त्या रात्री मी त्यांना भाकरी वाढली, पण बोलले नाही. बापाचा इतका राग येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. पाटलाचा आला होता त्याहून जास्त. पाटील परका होता.

मंगळवारी दुपारी आप्पा गवताच्या जाळावर हलगी तापवून, फेटा बांधून देवळाकडं गेले. मी गेले नाही. ते फरशी ओलांडून दिसेनासे झाले तशी मी खुंटीवरची आत्तीच्या नवऱ्याची हलगी काढली. आगीच्या आधी तिचं कातडं बदलायला म्हणून आत्तीनं ती आमच्या घरी दिली होती, म्हणून वाचली; आप्पांनी नवं कातडं चढवून ती खुंटीला लावली होती. हलगी न तापवता वाजवली तर ती भिजल्या पोत्यासारखी वाजते. मी जाळ करायला काडेपेटी शोधत होते. पण हात लावला तर कातडं ऊन लागलं. टिचकी मारली तर टणकन वाजलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. रागात माणसाचं डोकं एकाच दिशेला पळतं. बरं झालं, वेळ वाचला, एवढंच मनात आलं.

फरशीच्या आमच्या बाजूला मी उभी राहिले. शेजारची सत्यव्वा काकी पाण्याची घागर घेऊन आली आणि माझ्या खांद्याला हलगी बघून जागच्या जागी थांबली.

"काय करतीयास गं हे?"

"बघ फकस्त."

"बाईनं..."

"काकी, आत्ती जळत हुती तवा बाई-बापय कोन बघत हुतं?"

 काकीनं घागर खाली ठेवली आणि आत वस्तीत जाऊन बायांना हाका मारायला लागली.

आवाज आधी आला. आप्पांची हलगी लांबूनही ओळखू यायची. मग गुलालाचा ढग, मग पालखीचं छत्र. आप्पा सगळ्यांत पुढं, पालखीपासून दहा-बारा हात अंतर राखून, तेही रीतीनं ठरलेलं. मागं खांदेकरी, शेजारी शिवाप्पा गुरव, मग पाटील आणि पाटलांच्या बाजूला पांढऱ्या शर्टावर गुलाल उडालेले ठोंबरे साहेब. त्यांचा एक कारकून हातात पॅड धरून चालत होता.

बाभळ आली. आप्पांचे पाय वळले. त्यांनी सांगितलं होतं तसेच, आपसूक.

मी काठी मारली.

हलगी उघड्यावर कशी वाजते, मला माहीत नव्हतं. आत्तीच्या घरात भिंती आवाज खायच्या. इथं तो ओढ्यावरनं गेला आणि पलीकडच्या उसावर आपटून परत आला. मी आप्पांचीच चाल वाजवत होते, पालखीची. खांदेकऱ्यांचे पाय अडखळले. एक आवाज डावीकडनं, एक समोरनं. पालखी खांद्यांवर डुलायला लागली.

"कोन हाय ते?" पाटील ओरडले. "कोन वाजिवतंय? यल्लाप्पा, तू थांबू नगंस! चल!"

आप्पांनी ओढ्यापलीकडं बघितलं. मला बघितलं. हलगी ओळखली असणार. तरी ते वाजवत राहिले, बांधाच्या दिशेनं एक पाऊल, आणखी एक पाऊल.  मी जीव खाऊन वाजवत होते, पण माझ्या बापाच्या हातापुढं माझा हात म्हणजे पोरखेळ. दोन्ही वाजत राहिल्या असत्या तर पालखी त्यांच्याच मागं गेली असती. मी डोळे मिटले. मनात त्यांना दिली ती शिवी इथं लिहीत नाही.

आणि एकाएकी एकच हलगी ऐकू यायला लागली. माझी.

डोळे उघडले तर आप्पा बांधाच्या तोंडाशी उभे होते. दोन्ही काठ्या त्यांनी बगलेत धरल्या होत्या.

"वाजीव!" पाटलांच्या आवाजातलं लोणी पार वितळलं होतं. "यल्लाप्पा! देवी मुकी उभी ऱ्हायली! वाजीव म्हनतो ना!"

"हात धरलाय, पाटील," आप्पा म्हणाले.

"आत्ता तर वाजिवत हुतास!"

आप्पांनी खांद्यावरनं हलगी काढली. काठ्या तिच्यावर ठेवल्या आणि दोन्ही हातांनी ती पाटलांच्या पुढं धरली.

"घ्या. तुमी वाजवा."

पाटील एक पाऊल मागं सरले. आप्पा वळले आणि त्यांनी हलगी पाटलांच्या पुतण्यापुढं धरली. मग कमिटीच्या खजिनदारापुढं. मग जो समोर दिसेल त्याच्यापुढं. "घ्या की. देवीचं काम हाय. मानाचं काम हाय. घ्या." एक माणूस पुढं येईना. त्या एवढ्या गर्दीत, त्या कातड्याला हात लावायला एक जण तयार नव्हता. आमच्या हाताखाली वाजलेलं कातडं. त्याच्या आवाजावर देवी चालायची, पण त्याला बोट लावायचं नाही. साहेब हे सगळं बघत होते. मला वाटतं कागदावर नसलेली एक गोष्ट त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"अरं, थांबू नका!" शिवाप्पा गुरव घाबरून ओरडला. तो भोळा माणूस, पाटलाला भ्यायचा, पण देवीला त्याहून जास्त. "मुकी पालखी शिवंवर थांबली! गाव जाईल! आवाज हाय तिकडं चला! फरशी उतरा!"

"गुरवा, खबरदार!"

"मग तुमी वाजवा, पाटील! घ्या हलगी आन वाजवा! न्हाईतर देवीला आवाजाकडं जाऊ द्या!"

खांदेकऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं, मागं फिरता येत नव्हतं, आणि खांदा भरून आला होता. त्यांनी आवाज होता तिकडं पाऊल टाकलं. पालखी फरशी उतरली.

मी वळले आणि चालायला लागले. पाठीमागं देवी, पुढं आमची घरं. काकीनं बोलावलेल्या बाया दारांत उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. कुणी ओवाळलं नाही, ओवाळायचं कुणाला ठाऊकच नव्हतं. आमच्या दारावरनं देवी कधी गेलीच नव्हती. सत्यव्वा काकीनं तेवढी पुढं होऊन खांदेकऱ्यांच्या पायांवर घागर रिकामी केली. मी वस्तीच्या मागं वळले, चुन्याच्या दगडाला उजव्या हाताला ठेवलं, आणि आत्तीच्या घराच्या मागनं गेले. भिंतीचा एक कोपरा तेवढा उभा होता, काळा. दगड आणि ती भिंत यांच्यामधनं पालखी जेमतेम निघाली. तिथं माझा हात चुकला. कुणी 'च्यक' केलं नाही. मी रडत होते आणि वाजवत होते, आणि खरं सांगते, ते रडणं दुःखाचं नव्हतं. मला त्या पालखीचाही राग आला होता. इतकी वर्षं इथनं जायला हिला काय झालं होतं?

खालच्या अंगाला ओढ्यापाशी साहेब धापा टाकत माझ्या बाजूला आले.

"साहेब," मी वाजवता वाजवताच म्हणाले, "मारा रेघ."

त्यांनी मागं पाटलांकडं बघितलं. मग पालखीकडं. मग कारकुनाला म्हणाले, "गेली तर आहे. लिहून घ्या. बाभूळ, फरशी, सीमेचा दगड, जळालेलं घर आत."

गावातली पहिली भिंत लागली तिथं मी थांबले. आप्पा बांधानं तिथं येऊन उभे होते. त्यांनी काठ्या हातात घेतल्या आणि माझा ठोका थांबायच्या आत त्यांचा ठोका सुरू केला, मध्ये सुईएवढीही फट पडू न देता. मी बाजूला झाले. पालखी त्यांच्यामागं देवळाकडं गेली.

संध्याकाळी ते घरी आले. फेटा सोडला, पाय धुतले. मी खुंटीवरच्या हलगीकडं बोट दाखवलं.

"ही कुनी तापवली हुती?"

त्यांनी सोडलेल्या फेट्याची घडी घातली.

"माजं पाय वळायचं न्हाईत, हे मला ठाव हुतं," मग ते म्हणाले. "तुला सांगितलंच हुतं. पन तू गप बसनार न्हाईस, हे बी ठाव हुतं. हात तेवढा थांबतोय का, ते बघायचं हुतं. थांबला."

पुढच्या वर्षी कमिटीनं हलगी बंद केली आणि लांबनं बँड आणला, बिगुल आणि झांजा. आप्पांना कुणी नको म्हणायलाही आलं नाही. मानकरी म्हणून मिरवलेल्या माणसाला एका वर्षात गाव असं विसरलं, जणू तो कधी नव्हताच. वाट मात्र त्यांना बदलता आली नाही. एकदा देवी जिथनं गेली तिथनं माघार नाही, हा त्यांचाच नियम. आजही बँडवाले आमच्या वस्तीमागनं, दगडाला वळसा घालून जातात आणि तेवढ्या टप्प्यात वाजवायचा जोर मुद्दाम कमी करतात. मला ते ऐकू येतं. माझा कान आत्तीनं तयार केलाय.

प्रभागांचा पक्का नकाशा लागला तो मी वाजवलं त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता. नगरपंचायतीच्या भिंतीवर काचेच्या पेटीत लावला होता. आप्पांना वाचता येत नसे, म्हणून मला घेऊन गेले. साहेबांची तोवर बदली झाली होती. पेटीसमोर पाटील कुणाशी तरी बोलत होते, आम्हाला बघून बाजूला झाले. नकाशा या खेपेला ओढ्यापाशी संपत नव्हता. नवव्या प्रभागाची हिरवी रेघ बाभळीवरनं फरशी उतरत होती आणि दगडाला जाऊन भिडत होती.

"आपलं घर?" आप्पांनी विचारलं.

मी काचेवर बोट ठेवलं. "हे. आत."

"सत्यव्वाचं?"

"आत."

ते काचेजवळ वाकले. आपला जाड, हलगीनं घट्टे पडलेला अंगठा त्यांनी त्या हिरव्या रेघेवरनं हळूहळू फिरवत दगडापर्यंत नेला.

"आन गंगव्वाचं?"

"ते पन आत, आप्पा. शेवटचं."

त्यांनी मान हलवली. अंगठा तसाच काचेवर ठेवून ते पाटलांकडं वळले. माझ्या बापाला मी पाटलांशी इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सगळं ऑफिस दारात आलं.

"पाटील, माजी भन हद्दीत आली," आप्पा म्हणाले. "आता लावा फोन. बंब पाठवा म्हनावं."